कोनच्या हळदीत हाइनलिंगबुवा

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले गुप्तेकाका रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहून, आत तबकडीवर वाजणाऱ्या ऑर्केस्ट्राला इशारे देत, विणकामाच्या सुईने हवा ढवळतात. आमच्या खांदा कॉलनीत नवीन आलेला भाजीवाला हमखास फसतो. आपल्यालाच बोलावलं असं समजून तो दुधीभोपळा घेऊन सगळे जिने चढतो. काका ओठांवर बोट ठेवतात, त्याला खुर्चीत बसवतात आणि म्हणतात, "आता फक्त व्हायोलिनं ऐका." दुधी काही घेत नाहीत.

काकांचं दैवत एकच, रुडॉल्फ हाइनलिंग. हा संगीतकार ऑस्ट्रियात कधीकाळी होऊन गेला आणि आता खुद्द ऑस्ट्रियातही त्याला कुणी ओळखत नाही. काकांना तो जुन्या बाजारात, एका कळकट तबकडीवर भेटला. तेव्हापासून तो "हाइनलिंगबुवा" झाला. "बुवांच्या ऑर्केस्ट्रात ऐंशी माणसं, आणि एकही आगाऊ नाही!" हे वाक्य काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐन टाकीच्या गळतीवर बोलणं चालू असताना टाकतात. माझ्याकडे तर दार वाजवून आले होते. "वहिनी, तुमचा मिक्सर अर्धा स्वर चढा लागतोय. बुवांचा संथ भाग होईपर्यंत चटणी थांबेल का?" थांबवली बाई. करते काय?

त्या तबकडीवर बुवांची एकच मोठी रचना आहे, एक सिंफनी. तिच्यात शेवटाकडे, ऐन भरात, सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. चांगली लांबलचक शांतता. मग मुख्य धून दुप्पट जोराने उसळून वर येते. काका सांगतात, पहिल्याच कार्यक्रमात लोकांना त्या शांततेत वाटलं की संपलं. ते टाळ्या वाजवून कोट शोधायला उठले. पुढचं कुणी ऐकलंच नाही, आणि ही एक तबकडी सोडली तर सिंफनीला पुन्हा कुणी हात लावला नाही.

"एका थांब्यापायी माणूस बुडाला हो!" काका हे असं सांगतात, जसं काही परवाच घडलंय.

आमच्या सोसायटीने तरी काय वेगळं केलं? चहाला बोलावलेला प्रत्येक जण नेमका त्या शांततेत कप खाली ठेवून "वा, छान होतं हं" म्हणत उठायचा. काका कुणाला अडवत नसत. पाहुण्याला दारापर्यंत पोहोचवायचे, दार लोटायचे, आणि मग आतून ती धून एकट्या काकांसाठी उसळायची. मला ते ऐकून कसंनुसं व्हायचं.

एकदा कॉलनीतून वरात चालली होती. काका अनवाणी खाली धावले आणि त्यांनी बँडच्या हरीमास्तरांचा हातच धरला. "तुमचा तो मोठा भोंगा वाजवणारा बुवांसाठी जन्मलाय!" नवरदेव घोड्यावर खोळंबला. मास्तर कोन गावचे, शांत गृहस्थ. त्यांनी नंबर दिला आणि वरात पुढे नेली.

मग काका दर रविवारी रिक्षाने कोनला जाऊ लागले. पहिल्यांदा जाताना सिंफनीच्या स्वरलिपीचे कागद घेऊन गेले, पण मास्तर म्हणाले, "काका, कागद ऱ्हाऊ द्या. तुमी गा, आमी उचलतो." बँडवाले गाणं कानानेच उचलतात. आता काकांचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. तरी त्या गळ्यातून त्यांनी सगळी सिंफनी काढून दाखवली. "ऐंशी जणांचं काम एकटा करतोय, वहिनी," असं म्हणत मिठाच्या गुळण्या करायचे.

धून वाजायची होती एखाद्या हळदीच्या मांडवात, आणि भांडण झालं ते थांब्यावरून. मास्तर म्हणाले, "हलदीत नवा गाना मधीच थांबला का मानसांना संपला वाटतं, उठून जेवायला जातात."

"जाऊ देत. बुवा थांबलेत, आपण थांबायचं."

शेवटी मास्तरांनीच तोड काढली. "माझ्या भाचीची हलद हाय. तितंच वाजवू. बिघडला तरी घरचाच कारय."

त्या दिवशी काकांनी सफारी घातली होती आणि चेहरा पांढराफटक. रिक्षात मला म्हणाले, "वहिनी, आज लोक उठले, तर मी पुन्हा बुवांचं नाव काढणार नाही." आणि ते खरंच तसं करतील, हे मला ठाऊक होतं.

दिवेलागणीला मांडवात बँड सुरू झाला. ऐंशी जणांचं काम बारा जण करत होते, खाली ढोल घुमत होता. लोक आधी गोंधळले. मग पिवळ्या हातांची एक मावशी पुढे झाली आणि बघता बघता मांडव भरून नाचू लागला. धून चढत गेली, चढत गेली, आणि बँड थांबला.

काकांनी डोळे गच्च मिटले.

आता हळदीचा एक रिवाज काकांना कुठून माहीत असणार? नाच ऐन रंगात असताना बँडने मध्येच ताल तोडला, तर गाणं नवं असो की जुनं, नाचणारे तिथल्या तिथे उकिडवे बसतात आणि ताल परत यायची वाट बघतात. अख्खा मांडव बसला. गुडघेदुखीवाले मामासुद्धा बसले. जेवणाकडे कुणी ढुंकून बघेना.

"काका, डोळे उघडा!" मी त्यांना हलवलं.

त्यांनी पाहिलं. शे-दीडशे माणसं श्वास रोखून बुवांच्या शांततेत बसली होती. हरीमास्तरांची नजर काकांवर होती. काकांचा हात वर गेला आणि खाली आला. धून उसळली, आणि सगळा मांडव आरोळी ठोकून एकदम उठला! मी उभ्या जन्मात नाचले नव्हते, ती नाचले. वन्स मोअर झाला, पुन्हा झाला. ऑस्ट्रियाने जे अर्ध्यावर टाकलं होतं, ते कोनने शेवटापर्यंत नेलं. मला इतका आनंद झाला की मी मास्तरांच्या पाया पडायचीच बाकी होते.

नंतर नवरीची आजी आली. तिने काकांच्या दोन्ही गालांना हळद फासली. "गाना ब्येस हाय. कोनाचा?"

बुवांवर दोन-दोन तास बोलणाऱ्या माणसाने एका वाक्यात उत्तर दिलं. "माझे एक मित्र आहेत," ते कसेबसे म्हणाले.

"मंग त्यांना का नाय आनला?"

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आलेत," ते म्हणाले.

"मंग जेवल्याबिगर धाडू नका," आजी म्हणाली आणि वाढायला गेली.

पंगतीत काकांनी आपल्या शेजारची जागा रिकामी ठेवली. वाढपी आला, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "इथेही एक पान मांडा."