नदीत बसून नंबर

कलादालनाच्या दारावरच्या कापडी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाणी, शरीर आणि उपचार'. फुलंब्रीहून आलेल्या द्वारकाबाईंना तेवढं पुरेसं होतं. लेकानं, कडूबानं, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पक्की केली होती. त्याआधी एखाद्या शिबिरात कुणी 'गरज नाय' म्हणालं तर बघावं, म्हणून त्या गुपचूप शहरात आल्या होत्या.

आत अंधार होता. चारही भिंतींवर आणि खाली फरशीवर नदी वाहत होती. सिनेमाच तो, पण हुबेहूब. समोरच्या भिंतीवर एका म्हातारीच्या पावलांवर कुणीतरी ओंजळीनं पाणी सोडत होतं. द्वारकाबाईंनी चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि नदीत बेतानं बसकण मारली.

कॉलेजातल्या पोरी आल्या. "ह्यापण ह्या कलाकृतीतच आहेत," एक कुजबुजली आणि तिनं फोटो काढला.

"फोटू काय काढती? बस मागं. नंबर लाव."

पोरी बसल्या. त्यांना बघून मागचेही बसले. एक निवृत्त तहसीलदारसुद्धा बूट काढून रांगेत आले.

"तुमचं काय दुखतं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"कंबर," तहसीलदार ओशाळून म्हणाले.

मग पाण्याकडं बघता बघता द्वारकाबाईंचा सूर बदलला. "ल्हानपणी चिंचंवरून पडले, तवा मायनं गिरजा नदीत उभं केलं. म्हणली, दुखणं जाऊ दे खालच्या गावाला." खालच्या गावानं काय करायचं, हे मायलेकींना सुचलं नव्हतं. पण मायचा ओला हात त्यांना अजून पोटरीवर जाणवत होता.

इतक्यात एक तरुणी धावत आली.

"डाक्टरीणबाई, लई उशीर केला!"

"मी डॉक्टर नाही, आजी. मी फहमिदा. हे चित्रण माझं आहे. ते पाय माझ्या दादीचे."

"बरी झाली का मंग दादी?"

"नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला घाबरली. मग अंगणातसुद्धा जाता येईना. नदी बघायची म्हणाली, तर खुर्चीसकट उचलून न्यावं लागलं. गेल्या साली वारली."

द्वारकाबाई भिंतीवरच्या त्या पावलांकडं बघत राहिल्या. मग फहमिदाच्या पाठीवरून हात फिरवून, तिचाच आधार घेत उठल्या.

बाहेर येऊन त्यांनी कडूबाला फोन लावला. "तारीख मोडू नको. करून टाकू."

"माय, तू हाय कुठं? कोन्त्या डॉक्टरनं समजावलं तुला?"

"डाक्टर नाय रं, सिनेमावाली हाय. लई गुणाची. गुडघ्याला हातबी लावला नाय."