साळूमावशीचे काटे आणि कोल्हेसाहेबांचे बाण

एका जंगलात, मुलांनो, खेळायलासुद्धा डोकं लागत असे. फार जुनी गोष्ट आहे, त्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही.

त्या जंगलात साळूमावशी नावाची एक साळिंदर होती. अंगभर काटे, बोलणंही तसंच. ओढ्यापलीकडच्या घळीत तिने एक खेळ मांडला होता. त्याचं नाव सोंगवन.

खेळायला येणाऱ्याने आधी दुसऱ्याचं सोंग घ्यायचं. सशाने वाघ व्हायचं, रानरेड्याने शिंपी पक्षी. मग तीन महिने त्या सोंगात राहून वाट काढायची. कोण खरं बोलतं, कोण फसवतं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. पहिल्या महिन्यात तहानेल्या मुंगसाला पाणी नाकारलंत, तर तिसऱ्या महिन्यात तेच मुंगूस तुम्हाला पुलावर अडवी. शेवटी एक गुहा. तिचं दार उघडायची रीत ठरलेली: खुंटी काढा, अडसर उचला, दार आत ओढा. ढकललंत की पुन्हा पहिल्यापासून.

बुजऱ्या नावाचा ससा तिथे दोनदा हरला होता. वाघाच्या सोंगात त्याने मुंगसावर उगाच डरकाळी फोडली आणि पुलावर अडकला. तीन दिवस रडला. मग म्हणाला, "मावशी, मोठ्या जनावराला एवढा विचार करावा लागतो होय गं?"

त्या एका वाक्यावर मावशीने पुढची दोन वर्षं काढली.

मग कोल्हेसाहेब आले. ते काही दिवस गावाच्या वेशीजवळ राहून आले होते, म्हणून जंगलाच्या सभेने त्यांना लोकाभिरुचीचे सल्लागार नेमलं होतं.

"लोकांना हे जड जातंय, मावशी."

"कुठल्या लोकांना?"

"मी अकरा जणांना विचारलं. दोघं म्हणाले, जड आहे."

"आणि बाकीचे नऊ?"

"झोपले होते. पण त्यांनी विरोध केला नाही."

"वेळ कुणाला आहे हल्ली?" सकाळपासून चिखलात लोळणारा रेडा म्हणाला.

मावशीचे काटे उभे राहिले. "झाडावर चढणंही जड जातं. मग झाडं आडवी पाडायची का?"

"सूचना चांगली आहे," म्हणत कोल्हेसाहेबांनी ती लिहून घेतली.

सभेने घळ कोल्हेसाहेबांच्या ताब्यात दिली. खेळ बंद करायचा नव्हता, फक्त सोपा करायचा होता. आधी सोंगं गेली. सशाने सशाचंच सोंग घ्यावं असं ठरलं, म्हणजे तयारीचा वेळ वाचतो. मग निर्णय गेले. मुंगूस आता एवढंच विचारी, "पाणी देता, की आनंदाने देता?" शेवटी वाटही गेली. दगडादगडावर चुन्याने पांढरे बाण काढले. बाण धरून शंभर पावलं चाललं की एक खडक. त्यावर पंजा आपटला की माकड ओरडे, "जिंकलात!" आणि हातावर एक जांभूळ ठेवी.

गर्दी उसळली. रेडा एका दुपारी चाळीस वेळा जिंकला. बुजऱ्यासुद्धा जिंकला. जाताना मावशीकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

मावशी पलीकडच्या उतारावर बसून राहिली. तिच्याजवळ आता खेळायला एक कासव उरलं होतं. तेही मध्येच विचारी, "जांभूळ केव्हा मिळतं?"

एके सकाळी जंगलात नवे बाण दिसले. तेही पांढरे, तेही चुन्याचे. ते शिकाऱ्यांनी काढले होते. जनावरं बाण बघून चालतात हे त्यांनी महिनाभर झाडाआडून पाहिलं होतं. हे बाण कुणी काढले, असं एकाही जनावराने विचारलं नाही. शंभर पावलं झाली आणि समोर बांबूचा भलामोठा पिंजरा आला. सगळे आत गेले. दार मागून मिटलं आणि अडसर आपोआप बसला.

"जिंकलात!" माकड सवयीने ओरडलं.

जांभूळ काही आलं नाही.

आरडाओरडा ऐकून मावशी धावत आली. दाराची खुंटी उंचावर होती, मावशी बुटकी. पण आतून माकडाचा हात तिथे सहज पोचत होता.

"रडू नका! खुंटी काढा, अडसर उचला आणि दार आत ओढा. गुहेसारखंच आहे!"



"तीन गोष्टी?" रेडा म्हणाला. "एकदम?"

"मावशी, लोकांना हे जड जाईल," कोल्हेसाहेब आतून म्हणाले. "दोन टप्पे कमी करता येतील का?"

"अहो, शिकारी येतायत!"

"ते ठीक आहे. पण बाण कुठाय?"

माकड दार जीव खाऊन ढकलत होतं. कोपऱ्यात बुजऱ्या थरथरत होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा राग जिरला.

साळिंदराला काटे फेकता येत नाहीत, असं शहाणे सांगतात. शहाणे त्या दिवशी पिंजऱ्यापाशी नव्हते. मावशीने अंग झटकलं. एक काटा सुटला आणि खुंटीकडे टोक करून बांबूत रुतला. दुसरा अडसराकडे. तिसरा दारात, टोक आतल्या बाजूला.

"बाण!" सगळे आनंदाने ओरडले.

माकडाने पहिला बाण पाहून खुंटी काढली, दुसरा पाहून अडसर उचलला, तिसरा पाहून दार ओढलं. सगळे बाहेर. शिकारी आले तेव्हा पिंजरा रिकामा होता.

संध्याकाळी सभा भरली. "बाणांनीच आपल्याला वाचवलं," कोल्हेसाहेब गहिवरून म्हणाले. टाळ्या थांबेनात. मग ठराव झाला. सोंगवन कायमचं बंद, कारण आणीबाणीत ते कामाला येत नाही. बाण सगळ्या जंगलात लागणार. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून यापुढे काटे वापरायचे. मावशीने दर सोमवारी चाळीस काटे जमा करायचे. तिला एक हारही घातला. तो काट्यांत अडकून फाटला.

सभा पांगल्यावर बुजऱ्या हळूच जवळ आला.

"मावशी, ती गुहा अजून आहे?"

मावशीचे डोळे लकाकले. "आहे तर! जायचंय तुला?"

"जायचंय गं. पण वाट आठवत नाही."

"अरे, तीच तर शोधायची असते."

बुजऱ्याने बराच वेळ विचार केला. इतका विचार त्याने कित्येक महिन्यांत केला नव्हता.

"मग एक बाण लाव ना."

तात्पर्य : मुलांनो, विचार करणारा एखादा तरी शेजारी जंगलात जरूर राहू द्यावा. त्याच्या काट्यांचे बाण उत्तम होतात.