हत्तींचे दात घासणारे हवालदार तात्या

कृष्णेच्या काठी आमच्या गावात सकाळी कधी आलात, तर घाटाच्या वरच्या अंगाला एक उंचापुरा माणूस मांडी घालून हत्तीचे दात घासताना दिसेल. घाबरू नका. हत्ती दगडाचे आहेत. महादेवाच्या जुन्या देवळाच्या चौथऱ्याभोवती त्यांची रांगच आहे. आणि घासणारे आमचे हवालदार तात्या. फौजेतून निवृत्त झालेत, अंगातली फौज मात्र अजून ड्यूटीवर आहे.

या कामाला टूथब्रश फार लागतात. मलकापुरातल्या दुकानदाराने एकदा न राहवून विचारलं, "तात्या, घरात माणसं किती?"

"मी एकलाच. पण हत्ती लय हायत."

तात्यांचं हे वेड समजायला थोडं मागं जावं लागेल. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांच्या डोक्यात पलटणीतला एक मंत्र पक्का बसला होता: हलेल त्याला सॅल्यूट, हलणार नाही त्याला रंग. आता आमचं देऊळ काही शतकांत हललेलं नाही. तात्यांनी पदरमोड करून ऑइल पेंटचे डबे आणले आणि शिखर गुलाबी, दीपमाळ पिवळी, हत्ती चंदेरी करून टाकले. शांताकाकी, म्हणजे त्यांची बायको, डबा धरून जोडीला होत्या. गावाला देऊळ इतकं आवडलं की यात्रेत तात्यांचा फेटा बांधून सत्कार झाला. देवस्थान समितीचा सेक्रेटरी म्हणून नारळ मीच दिला होता.

मग पूर आला, ओसरला, आणि रंगाला फोड आले. रंगाचे पोपडे निघताना बरोबर दगडाचे पापुद्रेही निघायला लागले. जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एक मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पाणी आत अडकलंय. दगडाला श्वासच घेता येत नाहीये."

हे तात्यांच्या काळजाला जे लागलं, ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून माणूस रंग काढायला बसला. मॅडमनी दिलेलं औषध लावायचं, वर ओलं फडकं गुंडाळायचं, मग बांबूच्या कामटीनं अलगद सोडवायचं आणि शेवटी ब्रश. काकी वारल्या, तेव्हा तेराव्यापुरता काय तो खंड पडला.

तेव्हापासून "श्वास घिऊ द्या" हे तात्यांचं पालुपद झालं. दीपमाळेला फ्लेक्स बांधायला पोरं आली की, "काढा रं ते! श्वास घिऊ द्या तिला!" सरपंचांनी घाटाच्या पायऱ्यांवर फरशी बसवायची टूम काढली, तर तात्या म्हणाले, "सरपंच, तुमच्या नाकावर आदी बसवू. दोन दिस बघू, मग ठरवू." फरशी माघारी गेली. नवरदेवाचा फेटासुद्धा त्यांनी एकदा भर मांडवात सैल करवला होता.

यंदा यात्रेच्या आधी मॅडम काम बघायला आल्या. देऊळ सगळं काळंभोर, अंघोळ करून बसल्यासारखं. तात्या ताठ उभे. मॅडम प्रदक्षिणा घालत मागच्या बाजूला गोमुखापाशी आल्या. तिथं तात्यांचं एक पोतं कायम भिंतीला टेकवलेलं असतं. हत्यारं असतील म्हणून आम्ही कोणी हात लावत नाही. मॅडमनी ते बाजूला केलं.

भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर हिरवा राघू. ऑइल पेंटचा. चोच लाल, पाय भलतीकडेच.

"तात्या, हे राहिलंय."

"व्हय."

"औषध संपलं का?"

"न्हाई." तात्यांना इतकं थोडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, "शांतानं रंगवलाय ह्यो. मी उभी हयात बॉर्डरवर, ती हितं. रंग दिला त्येवढे चार दिस आमी दोघांनी एका जागी काम केलं बघा. ह्या गोमुखापाशी बसून भाकरी खायचो. तिनं ह्यो काढला, अन् मी म्हनलं, ही तर कोंबडी हाय. लय हसलो. ती रुसली माझ्यावर."

"पण तात्या, इथला दगड सुटेल."

"ठावं हाय की. गावाला मीच सांगत फिरतोय." ते राघूकडे बघत राहिले. "मी हाय तवर ऱ्हाऊ द्या. माझ्या मागं खुशाल खरवडा."

मॅडमनी खाली वाकून पोतं उचललं आणि होतं तसं राघूवर टेकवलं.

"मॅडम," तात्या हळूच म्हणाले, "जरा सैल टेकवा. श्वास घिऊ द्या तिला."