बेचाळीस मध्यम

“बाबा, आपण श्रीमंत आहोत का?”

हा प्रश्न नववीतल्या टकळीने (हे नाव तिच्या न थांबणाऱ्या तोंडाला उद्देशून शाळेने एकमताने ठेवलेलं आहे) रविवारी दुपारी, मोठे काका-काकू जेवायला आलेले असताना, सगळ्यांच्या देखत विचारला. तिची स्वतःची एवढी छाती नव्हती. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि नववीत पैज नाकारणाऱ्या मुलीला पुढचं वर्षभर कोणी डब्यातलं काही देत नाही.

माणसाचं उत्पन्न ही गंभीर बाब आहे. वय, वजन आणि घोरणं यांबाबत माणूस सरळ खोटं बोलतो. उत्पन्नाबाबत त्याला खोटं बोलण्याची गरजच पडत नाही, कारण त्याला खरं ठाऊक नसतं. आकडा पाठ असतो. पण तो आकडा कमी की जास्त, हे शेजाऱ्याकडून समजून घ्यावं लागतं, आणि शेजारी ताकास तूर लागू देत नाही.

तर बाबांना ठसका लागला. काकूंनी पाण्याच्या तांब्याकडे असं पाहिलं की जणू प्रश्न त्यानेच विचारला. मोठ्या काकांकडे दोन गाड्या आहेत (तिसरी धरायची नसते, ती कंपनीची आहे), त्यामुळे साऱ्या घराण्याच्या वतीने त्यांनी उत्तर दिलं की आपण मध्यम, बाळा, खाऊन-पिऊन सुखी. आईने पुस्ती जोडली की असले प्रश्न जेवताना विचारायचे नसतात. (ते कधी विचारायचे असतात, याची टकळीने आधीच्या आठवड्यात माहिती काढली होती. घरात तशी कुठलीही वेळ राखून ठेवलेली नाही.)

आता या प्रश्नामागचा इतिहास. भिंगांचा कारखाना काढून म्हातारे झालेल्या एका आजोबांनी टकळीच्या वर्गासाठी डोंगरावर आठ दिवसांचं आकाशदर्शनाचं शिबिर देऊ केलं. शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार होती. अट साधी होती. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं फुकट, जास्त उत्पन्नाच्या घरातली दुप्पट फी भरून. आजोबा सरळमार्गी असल्यामुळे या दोहोंच्या मध्ये कोणी राहत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

फॉर्म तयार केला शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी. मागच्या वर्षी एका फॉर्मवर उत्पन्नाचा आकडा मागितला होता, तेव्हा एकोणीस वडिलांनी ‘पुरेसं’ असं लिहिलं, सात जणांच्या आकड्यावर नेमका चहा सांडला, आणि एक गृहस्थ बाकीच्यांनी काय लिहिलंय ते बघून मगच भरतो म्हणत तीन दिवस ऑफिसात बसून राहिले. तेव्हा यंदा कोणाचंही मन न दुखावण्याच्या धोरणानुसार बाईंनी आकडा वगळला आणि छापलं: ‘आपल्या मते आपले उत्पन्न कमी / मध्यम / जास्त आहे. योग्य चौकोनात खूण करावी.’ मधला चौकोन त्यांनी स्वतःच्या मनाने घातला, कारण नुसते दोन चौकोन कागदावर ओकेबोके दिसत होते.

बेचाळीस फॉर्म परत आले. बेचाळीस मध्यम.

दंतवैद्य मध्यम. त्यांच्या दवाखान्याची फरशी पुसणाऱ्या बाई मध्यम. शाळेची व्हॅन चालवणारे काका मध्यम, आणि ती व्हॅन ज्यांच्या मालकीची आहे (आणखी अकरा व्हॅनही त्यांच्याच) ते मालकही मध्यम. हेडबाईंनी हा निकाल सकाळच्या सभेत वाचून दाखवला आणि शाळेच्या परिसरात समता आल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन केलं. दुपारी त्यांच्या लक्षात आलं की मध्यम मुलांना डोंगरावर कसं न्यायचं याचा नियमच नाही, सबब कोणालाच जाता येत नाही. मग सुधारित सूचना निघाली: कोरे फॉर्म पुन्हा वाटले जातील, पुढच्या सोमवारपर्यंत किमान दहा ‘कमी’ आणि पाच ‘जास्त’ आले नाहीत, तर शिबिर दुसऱ्या शाळेला जाईल.

टकळीने गेले सहा महिने शनीशिवाय दुसरा विषय काढलेला नव्हता. तिने तातडीने एक समिती नेमली: ती स्वतः, दंतवैद्यांची मुलगी दाढ, आणि व्हॅनवाल्या काकांची मुलगी शिडी (उंचीवरून). समितीने दोन दिवसांत एकतीस माणसांना एकच प्रश्न विचारला. जास्त उत्पन्न म्हणजे कोणाचं?

उत्तरं अभ्यासपूर्ण होती. टकळीचे बाबा लिफ्टची तपासणी करणारे अधिकारी. त्यांच्या अनुभवानुसार श्रीमंत लोक अकराव्या मजल्यावर राहतात. (ते स्वतः चौथ्यावर.) अकराव्या मजल्यावरच्या साहेबांनी दारातूनच सांगितलं की श्रीमंत म्हणजे ज्यांना लिफ्टच लागत नाही, बंगलेवाले. बंगलेवाल्या बाईंनी तिघींना सरबत दिलं आणि समजावलं की बंगल्याने काही होत नाही पोरींनो, गळतीच बघावी लागते. श्रीमंत म्हणजे ज्यांचा दुसरा बंगला असतो. खालच्या दिशेनेही हाच क्रम दिसून आला. इस्त्रीवाल्या दादांच्या मते गरीब म्हणजे ज्यांच्याकडे इस्त्रीला टाकण्याजोगे कपडे नाहीत, आणि फरशी पुसणाऱ्या बाईंच्या मते गरीब म्हणजे ज्यांच्या नळाला दिवसाआड पाणी येतं. त्यांच्या स्वतःच्या नळाला रोज येतं, वीस मिनिटं.

समितीचा निष्कर्ष: जास्त उत्पन्न म्हणजे सांगणाऱ्याच्या उत्पन्नाची दीडपट, आणि कमी म्हणजे निम्मं. एकतीसपैकी एकतीस जण मध्यम आढळले. एका गृहस्थांना खराखुरा श्रीमंत माणूस माहीत होता, पण तो नेमका गावाला गेला होता.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. घोळ भूगोलाच्या सरांनी केला. त्यांच्याकडे एक तक्ता होता. देशातली सगळी घरं उत्पन्नानुसार शंभर पायऱ्यांवर बसवली, सर्वांत गरीब पहिल्या पायरीवर, तर आपलं घर कितव्या पायरीवर, हे त्यात बघता येतं. टकळीने आई-बाबांच्या पगाराच्या चिठ्ठ्या (स्वयंपाकघरातला खण, टेबलपुसण्यांच्या खाली) पाहून बेरीज केली. त्र्याण्णव आले. दशांश चुकला असेल म्हणून तिने पुन्हा केली. पुन्हा त्र्याण्णव.

‘आपली परिस्थिती बेताची आहे’ हे वाक्य ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. ते बहुतेक वेळा दोन दारांच्या फ्रिजसमोर उभं राहून म्हटलं जायचं. या घराला आजवर न परवडलेल्या वस्तूंत वातानुकूलन यंत्र, पियानोची शिकवणी आणि समुद्रकाठची सहल मोडते. पैकी यंत्र दोन खोल्यांत बसलेलं आहे, शिकवणी मंगळवारी असते, आणि समुद्रकाठी खोली तेवढी पाठच्या बाजूची मिळाली होती.

शिडीचं घर निघालं अडतिसाव्या पायरीवर. आई-वडील दोघंही कमावते. “म्हणजे मागे सदतीस आहेत,” असं ती आधी म्हणाली आणि तक्त्यातल्या खालच्या पायऱ्या बोटाने मोजून पाहिल्या. मग म्हणाली, “माझे बाबा ‘कमी’वर खूण नाही करणार. म्हणतात, जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, आता मुलीच्या हातून पसरू?”

“मग?” टकळीने विचारलं.

“तू ‘जास्त’वर कर. तुमच्यासारखं कोणी आधी कबूल झालं ना, तर मी त्यांना सांगू शकते. सगळेच मध्यम असताना आम्हीच तेवढे कमी कसे दिसू गं? पण आधी तू.”

दाढेने इथे कबूल केलं की तिच्या घरची पायरी तिने मुद्दामच काढलेली नाही; आणि टकळीची तरी घरी नुसतं विचारायची हिंमत आहे का, बघूच म्हणाली. लागली पैज.

तर रविवार. ठसका थांबल्यावर टकळीने त्र्याण्णव हा आकडा ताटांच्या मधोमध ठेवला. बाबा म्हणाले की असल्या तक्त्यांना काही अर्थ नसतो, त्यात सगळेच धरतात.

“हो, पण देशात सगळेच राहतात,” टकळी म्हणाली.

मोठ्या काकांनी मुद्दा वेगळ्या अंगाने घेतला. आपल्या वर अजून सात पायऱ्या आहेत, तर आधी त्यांना जाऊन विचार. टकळीच्या हिशेबाने त्यांची स्वतःची पायरी अठ्ठ्याण्णव निघते हे कळल्यावर त्यांचा चेहरा चोरीचा आळ आल्यासारखा झाला. वरच्या दोन पायऱ्यांवर कोण असणार हे त्यांना तत्काळ सुचलं, नावानिशी. त्यातला एक त्यांचा मेव्हणा होता. काकू म्हणाल्या, माझ्या भावाला मध्ये आणू नका, त्याचं सगळं कर्जावर आहे. आईचं म्हणणं व्यवहाराचं होतं: एकदा ‘जास्त’ लिहिलं की दाराशी नातेवाइकांची रांग लागते आणि दुप्पट फी पडते ती वेगळीच.

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं. मग हळूच म्हणाले, “मी एका खोलीत सहा जणांत वाढलो गं. एका चादरीत तिघं झोपायचो. मी श्रीमंत कसा असेन?”

याचं उत्तर भूगोलाच्या तक्त्यात नव्हतं. टकळी प्रथमच गप्प बसली. (काकूंनी घड्याळ पाहिलं. सव्वा मिनिट.)

या ठिकाणी एक खुलासा आवश्यक आहे. बाबांना नेमका पगार किती, हे वर कुठेही आलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही. आकडा छापला असता, तर वाचकाने तिथेच थांबून तो मनातल्या मनात स्वतःच्या आकड्याला लावून पाहिला असता. तो मोठा भरला असता तर ‘या लोकांना काय कमी आहे’ म्हणून, आणि लहान भरला असता तर ‘एवढ्याशात त्र्याण्णव? काहीतरीच’ म्हणून पान उलटलं असतं. आणि दोन्ही वाचक पुन्हा मध्यमच राहिले असते. तुम्ही आत्ता जिथे आहात तिथेच.

टकळीने ताट सिंकमध्ये ठेवलं, हात पुसले, दप्तरातून फॉर्म आणला आणि बाबांसमोर उलगडून ठेवला. बाबांचा हात नकळत मधल्या चौकोनाकडे गेला. पण खूण आधीच झालेली होती, एक चौकोन पुढे.

“पेननं केलीये, खोडता येणार नाही,” ती म्हणाली. “सही करा, नाहीतर नका करू. आई, फी जास्त वाटत असेल तर मला शिबिराला नका पाठवू, पण हा फॉर्म मी उद्या देणार आणि शिडीला दाखवणार. आपण श्रीमंत आहोत, बाबा. हळूहळू सवय होईल तुम्हाला.”