बापूरावांची अमेरिका

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या कोपऱ्यावरचा चहा महागला, त्या दिवशी बापूरावांनी भरलेला कप उचलला आणि तरातरा मोर्णेकडे निघाले.

"बापू, कप कुठी नेऊन राहिले?" हॉटेलवाला ओरडला.

"नदीत फेकतो! अमेरिकेत चहावर कर लागला, तवा लोकायनं पेट्याच्या पेट्या समुद्रात फेकल्या. तिथूनच देश उभा झाला!"

"चहा खुशाल फेका. कप आमचा हाये."

बापूराव थांबले, चहा पिऊन टाकला आणि कप परत केला. क्रांती पुढे ढकलली गेली.

बापूराव माझे शेजारी. उभा जन्म बार्शीटाकळीला वांगी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवण्यात गेला. शाळा सातवीपर्यंत. पण तिकडच्या राष्ट्राध्यक्षाला दोनदाच का निवडतात, गुलामगिरी कितव्या घटनादुरुस्तीने गेली, हे त्यांना विचारावं लागत नाही. न विचारताच सांगतात.

घरातही त्यांनी सत्तेची वाटणी काढली होती. "एकाच्याच हाती सारं नसावं," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "बरं. कायदा मी करीन, चालवीन मी, निवाडाही मीच देईन. तुमी मत द्या."

एकदा मी वैतागलोच. "बापू, हे सगळं काहून पाठ केलं?"

"आमच्या पोरीसाठी, वंदीसाठी. तिले तिकडच्या नागरिकत्वाची परीक्षा होती. रोज सकाळी फोनवर मी प्रश्न इचारो, ती उत्तर दे."

"पास झाली?"

"झाली." मग म्हणाले, "सिनेटर किती, असं इचारलं का ती पन्नास म्हने. हायेत शंभर, एका राज्याचे दोन. मी दोन महिने 'बराबर' म्हनत राहिलो."

"काहून?"

"एका चुकीनं कोनी नापास होत नाई, ठाऊक होतं मले. तरी म्हटलं, अडकली त अडकली. पास झाली का इकडचा पासपोर्ट जाते."

"मग?" मी विचारलं.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी राहवलं नाई. फोन करून म्हटलं, बाई, शंभर लिहून ठेव. तुया बापानं चुकीचं शिकवलं."

"काय म्हणाली?"

"हासली. म्हने, बाबा, चुकतेच एखांदं." त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने चष्मा पुसला. "आता सकाळी फोन येत नाई. परीक्षाच राहिली नाई न."

चष्मा परत डोळ्यांवर चढवून बापूराव म्हणाले, "तुमी इचारा न मले एखांदा प्रश्न. सोपा नोको."