आजोबांचा रकाना

आमच्या कंपनीच्या गेटवर कुणीही येवो, चोपदारमामा त्याच्याकडून तीन नावं लिहून घ्यायचे. त्याचं स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं. छापील रजिस्टरात आजोबांना जागा नव्हती. 'गाडी नंबर' आणि 'सही' यांच्या मधोमध मामांनी पट्टी धरून लाल रेघ मारली होती आणि आजोबांची सोय केली होती.

"आजोबांचं काय काम?" ट्रकवाले वैतागायचे. "ते वारले."

"त्ये वारले. नाव वारलं न्हाई. लिव्हा."

येणारा माणूस वयस्कर असला तर मामा आणखी एक प्रश्न टाकायचे. "ह्याच भागातलं का पाव्हणं?" हो म्हणाला की त्याला केबिनमध्ये बसवून चहा. मागे हॉर्नची रांग लागली तरी चहा व्हायचाच. आम्हाला वाटायचं, म्हातारा बोलघेवडा आहे.

चाकणच्या ज्या माळावर आमची कंपनी आहे, तिथे पूर्वी वाघजाळीकर राजांचा मळा होता. सात गावांचं संस्थान, पण थाट सातशे गावांचा. मामांचं घराणं त्यांचं चोपदार. राजा बाहेर निघाला की हातात दंड घेऊन पुढे चालायचं आणि ललकारी द्यायची, म्हणजे राजाच्या अकरा पिढ्यांची नावं बिरुदांसकट खड्या आवाजात पुकारायची. संस्थान गेलं, आमराई गेली, शेड उभ्या राहिल्या. मामा मात्र त्याच जागी, सिक्युरिटी एजन्सीच्या निळ्या गणवेशात उभे राहिले. "फाटक त्येच हाय," म्हणायचे, "रंग कंपनीचा."

त्यांच्या लेखी मळा हललेलाच नव्हता. पेंट शॉप म्हणजे पागा. कॅन्टीन म्हणजे मुदपाकखाना. नवा ड्रायव्हर पत्र्याचे कॉइल घेऊन आला की मामा हात करून सांगायचे, "पागेला वळसा घाला अन् हत्तीखान्यापाशी उतरवा." बिचारा तासभर गाडी फिरवत राहायचा. वाघजाळीकरांकडे हत्ती एकच होता आणि तोही उसना आणलेला, असं मामाच सांगत. पण जिथे तो बांधला होता त्या जागेला आमचे प्लांट मॅनेजरसुद्धा नकळत हत्तीखाना म्हणू लागले होते. एकदा तर मीटिंगच्या नोटिशीत तसं छापून आलं.

मी स्टोअरला आहे आणि पत्रकांवर वाढलोय. वडील पिंपरीत कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्या घरी आधी पत्रकांच्या घड्या घालून व्हायच्या, मग ताटं वाढली जायची. राजा हा शब्द ऐकला की मला आधी त्याच्या मळ्यात वेठीला धरलेली माणसं दिसतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी गेटवर मामांशी भांडण काढलं.

"मामा, अकरा राजे पाठ करून काय मिळवलंत? शेडमागची ती राजाची विहीर कुणी खणली? फुकट राबलेल्या माणसांची नावं कुठायत? ती कोण पुकारणार?"

"पत्रकवाले, जरा दमानं," मामा म्हणाले. "चौतीस जण हुते. सतरा म्हाईत हायत."

आणि त्यांनी ती सतरा नावं म्हणून दाखवली. कुणाचं गाव कुठलं, कोण दरड कोसळून गेला, कुणाच्या बायकोनं त्याच्या जागी टोपली उचलली, सगळं. मी आयुष्यभर अशा माणसांच्या बाजूने ओरडत आलो होतो. त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्येंची नातवंडं ह्याच गेटातनं कामाला येत्यात. इचारलं."

त्या दिवसापासून मी आजोबांचा रकाना मुकाट्याने भरू लागलो.

महिनाअखेरीला मामा निवृत्त होणार होते, त्याच महिन्यात बातमी आली. विहिरीलगतचा मळ्याचा शेवटचा तुकडा अजून राजघराण्याच्या नावावर होता. तो कंपनीला देण्याच्या सह्या करायला खुद्द आजचे राजे बंगळूरहून येणार होते.

मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. वडिलांनी ललकारी शिकवली होती, पण ती खऱ्या राजापुढे द्यायची वेळ मामांच्या उभ्या आयुष्यात एकदाही आली नव्हती. आता आली तर आलीच, नाहीतर ती त्यांच्याबरोबरच संपणार. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्यांनी मॅनेजरांकडे परवानगी मागितली. मॅनेजर म्हणाले, "मामा, एक मिनिट. फक्त एक."

आम्ही जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या यार्डामागे सराव केला. मी मोबाइलवर वेळ लावली. "आस्तेऽऽ कदम!" मामांनी सूर लावला आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी राजांच्या विरोधातला माणूस, पण खोटं कशाला बोलू? तो आवाज ऐकून मी पाय जुळवून उभा राहिलो होतो.

चार मिनिटं भरली.

"मामा, तीन-चार राजे गाळा."

"कुठला गाळू? ज्याला गाळीन त्यो वरनं बघतोय."

"तो चौथा गाळा. तुम्हीच म्हणता तो आळशी होता."

"आळशी हुता, पर राजा हुता की रं!"

शेवटी राजे अकराच ठेवून बिरुदं उडवली.

ठरल्या दिवशी दुपारी पांढरी गाडी गेटवर आली. मामांनी गणवेशावर वडिलांचं जुनं लाल पागोटं चढवलं होतं. आत मॅनेजर पुष्पगुच्छ घेऊन उभे, मागे आम्ही दहा-बारा जण. काच खाली झाली. आत तिशीचा एक साधा, दमलेला मुलगा होता. नियम म्हणजे नियम, मामांनी आधी रजिस्टर पुढे केलं. त्याने नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं आणि लाल रेघेपाशी थांबला.

"आजोबा... आम्ही त्यांना दादासाहेबच म्हणायचो," तो हळूच म्हणाला. कान लाल झाले होते. त्याने मोबाइल काढला, बहुधा आईला विचारायला. मॅनेजर पुढे येऊ लागले.

मामा खिडकीत वाकले. त्यांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलाने ते भराभर लिहिलं आणि मान वर करून मामांकडे पाहिलं. मामांनी दोन पावलं मागे सरून सलाम ठोकला आणि फाटक उघडलं.

गाडी आत गेली. ललकारी झालीच नाही.

"मामा!" मी धावत गेलो. "का नाही दिलीत?"

ते पागोटं उतरवून त्याची घडी घालत होते. "पोराला सोताचा आज्जा ठावं न्हाई. त्येच्या म्होरं मी अकरा पिढ्या वरडून सांगायच्या? चारचौघांत पोरगं उघडं पडलं असतं. चोपदार राजाची लाज राखाया असतोय, पत्रकवाले."

काहीतरी करायला हवं म्हणून मी रजिस्टर ओढलं आणि पेन घेतलं. "मग आज तुमची नोंद करू. तुम्हाला कधी कुणी विचारलंच नसेल. नाव?"

"बाबू," ते हसले.

"वडील?"

"गणपत चोपदार."

"आजोबा?"

मामांनी लाल रेघेवर बोट ठेवलं.

"आजा मी बघितला न्हाई. बा त्येला आबा म्हनायचा. गाव चोपदार म्हनायचं, राजे चोपदार म्हनायचे. दप्तरात बी निस्तं 'चोपदार'." त्यांनी चष्मा काढून बाहीला पुसला. "ह्या भागातलं कुनी म्हातारं मानूस कधीतरी येईल, त्येला ठावं असंल... म्हून आपलं इचारत ऱ्हायलो."

मघाशी ते वाकले होते तसा मीही त्यांच्याकडे वाकलो. पण कानात सांगायला माझ्याकडे नाव नव्हतं.

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. मामांनी चष्मा लावला, माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि खिडकीशी गेले. ड्रायव्हर पांढऱ्या मिशांचा होता. त्याने तिन्ही नावं लिहीपर्यंत मामा थांबले.

"ह्याच भागातलं का पाव्हणं?" त्यांनी विचारलं.

मी चहा सांगायला पळालो.