पास्कलमामाचं डोकं आणि रुडॉल्फचा बोर्ड

पापडीच्या रुडॉल्फने आपल्या फोटो स्टुडिओसाठी कंप्युटर घ्यायचं ठरवलं आणि त्याच्याशी दुसऱ्या कशाबद्दल बोलणंच बंद झालं! मिस्सा संपून लोक चर्चबाहेर पडले की हा कुणाला तरी कोपऱ्यात गाठायचा.

"फोटोच्या कामाला काय लागतं? मदरबोर्ड स्टेबल पाहिजे! आणि रॅम एकाच कंपनीची, जुळ्या भावांसारखी! नाहीतर मशीन ऐन कामात मान टाकतं!"

साल होतं दोन हजार तीन. विरारच्या स्टुडिओंत कंप्युटर आले होते आणि रुडॉल्फची गिऱ्हाइकं तिकडे पळत होती. आता आपणही दाखवूच, या ईर्ष्येने तो स्टेशनजवळच्या हार्दिकच्या कंप्युटरच्या दुकानात रोज जाऊन बसू लागला. हा बोर्ड हँग होतो का? ही रॅम त्या बोर्डाशी जुळवून घेते का?

"रुडॉल्फभाय," हार्दिक एकदा हात जोडून म्हणाला, "लोक मुलगी देताना पण एवढी चौकशी करत नाय!"

शेवटी मशीन घरी, पुढच्या खोलीतल्या स्टुडिओत आलं, आणि रुडॉल्फच्या आधी त्याची बायको फ्लॉसी पुढे झाली. तिच्या घरात टीव्हीला झालर होती, फ्रिजला टोपरं होतं, मिक्सरलासुद्धा झगा होता. उघडी वस्तू तिला बघवत नसे. तिने कंप्युटरच्या डब्यासाठी लोकरीचं कव्हर विणून ठेवलं होतं. आतून गोधडीचं अस्तर, मागे नाड्या!

"वा! धुळीचा कण आत जाणार नाही!" रुडॉल्फ खूश झाला आणि नाड्या त्याने स्वतःच्या हाताने घट्ट बांधल्या. हवासुद्धा आत जाणार नव्हती, पण हवेचा विचार करतो कोण!

पहिलंच काम भारी आलं. पाचूबंदरच्या जुलियानाच्या मुलीचं, इझाबेलचं, लग्न झालं होतं. जुलियानाचा एकुलता भाऊ पास्कल बोटीवर नोकरीला. बोट बंदराला उशिरा लागली आणि मामा पोचला तेव्हा मांडवसुद्धा उतरला होता! जुलियानाने ते मनाला लावून घेतलं होतं. मामाशिवायचा फोटो भिंतीवर लावणार नाही, म्हणून बसली होती. पास्कल सोमवारी परत बोटीवर जाणार, त्याआधी त्याला फोटोत घालायचं होतं.

"चुटकीसरशी!" रुडॉल्फ म्हणाला. त्याने पास्कलला सूट घालून उभं केलं, फोटो काढला, स्कॅन केला. सगळं कुटुंब मागे उभं राहून बघू लागलं. मामा फोटोत सरकला, खांदे बसले, डोकं बसवायला घेतलं आणि फट्! पडदा काळा!

"सेव्ह केलं होतं ना, अंकल?" इझाबेलने विचारलं.

"स्टेबल मशीनवर सारखं सेव्ह करत बसायचं? म्हणजे आपल्याच बोर्डावर अविश्वास!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे आले. पुन्हा खांद्यापर्यंत मामा आला, डोकं आलं आणि फट्! तिसऱ्या दिवशीही तेच! डोक्याची पाळी येईपर्यंत लोकरीच्या आत भट्टी पेटलेली असायची, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"मशीनला माझं तोंडच आवडत नाय!" पास्कल भडकला.

"आवडंल कसं? लग्नाला आला नाय तू!" जुलियानाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बोट काय माझ्या बापाची हाय? थांबवू कसा?"

"एकच भाची, आणि तिला आशीर्वाद द्यायला मामा नाय!"

दोघांचं असं जुंपलं की पास्कल आत्ताच्या आत्ता बोटीवर जायला निघाला. इझाबेलने त्याला दंडाला धरून बसवलं. रुडॉल्फला घाम फुटला. बहीणभाऊ कायमचे तुटले तर पाचूबंदरात त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती!

त्याने कव्हर काढलं, डबा रिक्षात घातला आणि हार्दिककडे नेला. हार्दिकने तो दिवसभर चालवला.

"एकदम मक्खन चालतो, भाय!"

"मग माझ्याकडे का मरतो? रॅम बदल!"

रॅम बदलली. घरी आणून कव्हर चढवलं. फट्! बोर्ड बदलला. कव्हर चढवलं. फट्! आता हार्दिक त्याला लांबून बघूनच शटर ओढू लागला.

रविवारी सकाळी फ्लॉसीने कव्हर धुवायला काढलं. शेवटचा प्रयत्न म्हणून रुडॉल्फने मशीन सुरू केलं. खांदे बसले. डोकं बसलं. मानेची रेघ पुसली, टायसुद्धा सरळ झाला, तरी मशीन बंद पडलं नाही!

"जमलं! फ्लॉसी, जमलं!" नाचत नाचत तो अंगणात धावला आणि दोरीवर वाळणाऱ्या कव्हरला धडकला. त्याने ते हातात घेतलं. गोधडीचं अस्तर चाचपलं. आणि हळूच पुन्हा दोरीवर टाकलं. काय झालं ते त्याला कळलं होतं, पण ते फ्लॉसीला कधीच सांगता येणार नव्हतं!

तेवढ्यात दारात दोन रिक्षा थांबल्या. इझाबेल लग्नाच्या पांढऱ्या झग्यात, नवरा सुटात, जुलियाना नव्या साडीत, मागोमाग पास्कलमामा.

"बघा, बघा!" रुडॉल्फने सगळ्यांना ओढतच पडद्यासमोर नेलं. "मामा फोटोत!"

जुलियानाने पडद्याजवळ जाऊन फोटो बघितला.

"छान केलंस रे बाबा. पन हा माझ्याकडं बघत नाय."

"म्हणूनच आम्ही असे आलो, अंकल," इझाबेल म्हणाली. "एवढे दिवस रोज सगळे तुमच्याच स्टुडिओत बसलोय, मामासुद्धा. मग कंप्युटर कशाला? तुमच्याकडे कॅमेरा आहे ना?"

रुडॉल्फने वर बघितलं. कॅमेरा खुंटीला लटकत होता. वीस वर्षं त्याच कॅमेऱ्यावर त्याचं पोट चाललं होतं!

त्याने कॅमेरा खाली काढून रोल भरला. पास्कलने एक हात भाचीच्या डोक्यावर ठेवला, दुसरा बहिणीच्या खांद्यावर, आणि जुलियाना रडता रडता अशी हसली की रुडॉल्फने एकाऐवजी दोनदा क्लिक केलं.

आणि बोर्ड? बोर्ड खरंच स्टेबल निघाला! त्यानंतर दिवसभरात मशीन एकदाही बंद पडलं नाही. त्याला कुणी काही कामच सांगितलं नाही.